तुम्ही विचारलंत म्हणून : बारा वर्षं प्रोजेक्टच केलेत, मग पीएमपीला वेगळा अभ्यास कशाला?

कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्रीतला माणूस असो, गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमधला असो, नाहीतर राजारामपुरीत बसून परदेशी क्लायंटचं सॉफ्टवेअर करणारा असो, विचारतात ते हेच. "बारा वर्षं प्रोजेक्टच केलेत की! पीएमपीला आता वेगळा काय अभ्यास करायचा? आणि किती दिवस?"

पीएमपी म्हणजे पीएमआय या संस्थेची प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा आणि सर्टिफिकेट. दिवसांचं आधी सांगून टाकतो. रोज दीड तास, रविवारी चार तास, असे दहा ते बारा आठवडे. म्हणजे साधारण सव्वाशे ते दीडशे तास. 'कशाला' याचं उत्तर मात्र लांब आहे, कारण तुमचा अनुभव फॉर्म भरताना जितका उपयोगी पडतो, तितकाच परीक्षेत आडवा येतो.

फॉर्मपासून सुरुवात करा, पुस्तकापासून नको. बीई किंवा तिच्या तोडीची पदवी असेल तर गेल्या काही वर्षांतला ३६ महिन्यांचा प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागतो. डिप्लोमावाल्यांना त्याहून जास्त. इथे पहिला घोळ होतो तो महिने मोजताना. एक प्रोजेक्ट जानेवारी ते जून आणि दुसरा एप्रिल ते सप्टेंबर असेल, तर ते बारा महिने होत नाहीत, नऊच होतात. एकाच वेळी चाललेले महिने एकदाच धरले जातात. दुसरा घोळ म्हणजे रोजचं काम प्रोजेक्ट म्हणून लिहिणं. साखर कारखान्याचा गळीत हंगाम हा प्रोजेक्ट नव्हे, ते दरवर्षीचं काम झालं. त्याच कारखान्यात गाळप क्षमता वाढवायला नवी मिल बसवली, तर तो प्रोजेक्ट. तसंच महिन्याचं डिस्पॅच प्रोजेक्टमध्ये येत नाही, पण नव्या कास्टिंगचं (ओतीव भागाचं) पॅटर्नपासून, म्हणजे साच्याच्या नमुन्यापासून, सँपल मंजुरीपर्यंतचं काम येतं. ऑफ-सीझनचं नेहमीचं ओव्हरहॉलिंग वादात सापडू शकतं, त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

प्रत्येक प्रोजेक्टचं वर्णन थोडक्यात लिहायचं असतं: उद्देश काय, तुम्ही काय केलंत, निघालं काय. "सर्व कामांवर देखरेख केली" असं लिहून काही कळत नाही. "कामाची व्याप्ती ठरवून घेतली, वेळापत्रक लावलं, तीन पुरवठादारांचे करार सांभाळले, धोक्यांची नोंद ठेवली, शेवटी ग्राहकाची सही घेऊन प्रोजेक्ट बंद केला" असं लिहा. काही अर्ज ऑडिटला, म्हणजे पडताळणीला, काढतात. ऑडिट आलं की ९० दिवसांत पदवीची प्रत, ३५ तासांच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट आणि प्रत्येक प्रोजेक्टसाठी ते काम जवळून पाहिलेल्या माणसाची सही द्यावी लागते. आपल्याकडे अडतं ते इथे. जुने साहेब नोकरी सोडून कुठे गेले हेच माहीत नसतं. म्हणून फॉर्म पाठवण्याआधीच त्यांना फोन करा, काय लिहिलंय ते दाखवा. ते ३५ तास घरी पुस्तक वाचून भरत नाहीत, कोर्सच लागतो. ऑनलाइन चालतो.

अर्ज मंजूर झाला की एक वर्ष हातात असतं आणि त्यात तीन वेळा परीक्षा देता येते. परीक्षेची तारीख ठरल्याशिवाय पुस्तकं विकत घेऊ नका, कारण परीक्षेचा आराखडा (कोणत्या भागाचे किती प्रश्न) बदलत असतो. २०२१च्या आराखड्यात माणसं ४२ टक्के, प्रक्रिया ५० आणि व्यवसायाचं वातावरण ८ टक्के होतं. २०२६च्या नव्या आराखड्यात हा शेवटचा भाग २६ टक्क्यांवर गेलाय. दोस्ताने दिलेली जुनी नोट्सची वही घेऊन बसाल, तर नेमका हाच भाग कच्चा राहील.

आता अनुभव आडवा येतो म्हणजे काय, ते बघा. प्रश्न असा येतो: पॅटर्न तयार झालाय आणि ग्राहकाचा इंजिनियर थेट तुमच्या माणसाला फोन करून एक बॉस (कास्टिंगवरचा उंचवटा) वाढवायला सांगतो. प्रोजेक्ट मॅनेजरने आधी काय करावं? कोल्हापुरी उत्तर तयार असतं: "पार्टी जुनी आहे, करून टाकूया." त्याहून सावध माणूस म्हणेल, "साहेबांना विचारतो." परीक्षेत दोन्ही चूक. आधी त्या बदलाचा वेळेवर, खर्चावर, दर्जावर काय परिणाम होतो ते तपासायचं, मग बदलाची रीतसर विनंती लिहून ती मंजुरीला पाठवायची, आणि मंजूर झाली तरच योजना बदलून कामाला हात लावायचा. 'नाही' म्हणून फोन ठेवणं हेही चूकच. तोच प्रसंग अजाइल टीमचा (थोडं थोडं काम करून दाखवत पुढे जाणारी पद्धत) असेल तर उत्तर बदलतं. तिथे मागणी प्रॉडक्ट ओनरकडे, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणाऱ्याकडे, जाते, तो ती बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) टाकतो आणि तिचा नंबर कितवा ते ठरवतो. चालू स्प्रिंटमध्ये (ठरलेल्या छोट्या मुदतीच्या टप्प्यात) ती कुणी घुसवत नाही. म्हणून प्रश्न वाचताना स्प्रिंट, बॅकलॉग, बेसलाइन (मंजूर झालेली मूळ योजना), चेंज कंट्रोल बोर्ड (बदल मंजूर करणारी समिती) यातला कोणता शब्द आलाय ते आधी शोधा. तुम्ही कोणत्या घरात उभे आहात हे तो शब्द सांगतो. निम्मे किंवा त्याहून जास्त प्रश्न अजाइल किंवा मिश्र पद्धतीचे असतात. फाउंड्री आणि बांधकामवाल्यांचा पाय इथे घसरतो, तर सॉफ्टवेअरवाल्यांचा बेसलाइन आणि करारांच्या प्रश्नांवर.

वरच्या माणसाकडे धावणं ही आपली दुसरी सवय. टीममधल्या दोघांचं जुंपलं, तर पर्यायात "स्पॉन्सरला कळवा" (स्पॉन्सर म्हणजे प्रोजेक्टला पैसा आणि पाठबळ देणारा वरिष्ठ) हमखास दिसेल, आणि "त्यातल्या एकाला बदला" हेही. आधी त्या दोघांशी बोलून मूळ कारण काढायचं असतं. वर न्यायचं ते तुमच्या अधिकाराबाहेरचं असेल तेव्हाच. तिसरी गोष्ट बारीक आहे, पण मार्क खाते. फर्नेसचं पॅनल उशिरा येण्याची 'शक्यता' असेल तर तो धोका, त्याची नोंद धोक्यांच्या रजिस्टरमध्ये. पॅनल आलंच नाही, तर ती आता समस्या झाली. धोका आधीच नोंदवला असेल तर त्यासाठी ठरवून ठेवलेला उपाय लागू करायचा, पुन्हा धोका ओळखत बसायचं नाही. प्रश्नाच्या शेवटी 'आधी' विचारलंय की 'यानंतर', हे बोट ठेवून वाचा.

गणिताला लोक उगीच घाबरतात. मोजके प्रश्न येतात आणि सूत्रं चार-पाचच. समजा नव्या सँड प्लांटचं बजेट ६० लाख. आज ठरल्याप्रमाणे ३० लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालंय २४ लाखांचं, खर्च मात्र ३२ लाख. खर्चाचा निर्देशांक म्हणजे झालेलं काम भागिले खर्च: २४ भागिले ३२, ०.७५. वेळेचा म्हणजे झालेलं काम भागिले ठरलेलं काम: २४ भागिले ३०, ०.८. एकाच्या खाली म्हणजे दोन्हीकडे मागे. खर्च याच चालीने होत राहिला तर एकूण बिल ६० भागिले ०.७५, म्हणजे ८० लाख. ६० लाखांतच बसवायचं म्हटलं तर उरलेलं ३६ लाखांचं काम उरलेल्या २८ लाखांत, म्हणजे १.२९च्या चालीने ओढावं लागेल. ०.७५ वरून १.२९? परीक्षेत नुसता आकडा विचारत नाहीत, त्याचा अर्थ विचारतात. आणि इथली ठरलेली चूक: मशीनवाल्याला ४० टक्के अॅडव्हान्स गेला म्हणून ४० टक्के काम झालं असं धरणं. पैसे गेले ते खर्चाच्या रकान्यात. काम प्लांटवर दिसेल तेव्हा मोजायचं.

व्याख्या आणि प्रक्रिया पहिल्या पाच आठवड्यांत उरका. पाठांतर थोडंच लागतं. पुढचा सगळा वेळ सराव प्रश्नांना द्या, त्यात १८० प्रश्नांचे पूर्ण पेपर किमान तीन. पेपर सोडवण्याइतकाच वेळ तो तपासायला द्या, आणि हे टाळणारेच जास्त. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: शब्द माहीत नव्हता, वाचताना चुकलं, वेळ संपली, की 'सवयीने' उत्तर दिलं. वही भरत गेली की सवयीचा रकाना सगळ्यात लांब झालेला दिसेल. शब्द माहीत नसण्याला एक संध्याकाळ पुरते. सवय मोडायला तीनशे-चारशे प्रश्न लागतात, म्हणून ते बारा आठवडे. चांगल्या दर्जाच्या सराव पेपरात सलग दोनदा सत्तरच्या वर गेलात तर बसायला हरकत नाही. परीक्षेची पासची टक्केवारी जाहीर करत नाहीत, त्यामुळे अमुक टक्क्याला पास असं कुणी छातीठोक सांगत असेल तर हसून सोडून द्या.

वेळेचा हिशेब तोंडपाठ हवा. २०२१च्या पद्धतीत १८० प्रश्नांना २३० मिनिटं, म्हणजे ६० प्रश्नांना साधारण ७६. पहिले ६० संपले तेव्हा घड्याळात १५४च्या आसपास मिनिटं उरायला हवीत, १२० संपले तेव्हा ७७. दोन ब्रेक दहा-दहा मिनिटांचे, पण ब्रेक घेतला की मागच्या ६० प्रश्नांकडे परत जाता येत नाही, म्हणून खुणा केलेले आधी निपटा. नव्या आराखड्याची वेळ वेगळी असली तरी वाटणी अशीच करून ठेवा. चुकीला मार्क कापत नाहीत, एकही प्रश्न रिकामा सोडू नका.

घरून द्यायची की सेंटरवर, तर माझं मत सेंटर. घरून देताना खोलीत कुणी डोकावलं तरी परीक्षा बंद पडू शकते, आणि एकत्र कुटुंबात चार तास दार कुणी उघडणार नाही याची हमी देणारा माणूस अजून जन्मायचाय. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर आत्ताच मोडा, ओठ हलले तरी पलीकडून ताकीद येते. ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका, त्यातल्या सुरक्षा प्रणालीमुळे परीक्षेचं सॉफ्टवेअर अडकतं. सेंटर पुण्याचं मिळालं तर मुक्काम आदल्या रात्रीच करा. महामार्गावर सव्वादोनशे किलोमीटर, पहाटे निघून वेळेत पोचू हा आत्मविश्वास तिथे कामाचा नाही. अर्जातलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. एकीकडे वडिलांचं नाव मधे आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, हा आपल्याकडचा नेहमीचा गोंधळ अर्ज भरतानाच मिटवा. पासपोर्ट असेल तर त्यावरचंच नाव जसंच्या तसं टाका.

राहिली तारीख. घरूनच देणार असाल तर जुलै-ऑगस्ट टाळा. पंचगंगेचं पाणी चढतं तेव्हा वीज आणि इंटरनेट दोन्हीचा भरवसा नसतो, आणि पुढे लगेच गणपतीचे साउंड सिस्टिमवाले दिवस येतात. ठरलेली तारीख ३० दिवसांच्या आत बदलली तर दंड पडतो, शेवटच्या ४८ तासांत ती बदलतच नाही. साखर कारखान्यातले असाल तर हंगामाचा पट्टा पडण्याआधीचा, म्हणजे हंगाम संपण्याआधीचा, महिनाही सोडा, तेव्हा रोज दीड तास मिळत नाही.