शेवंती सण बघत नाही, दिवसमान बघते

करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात ऊस सोडून दुसरं काही लावायचं म्हटलं की आधी घरात वाद होतो. 2022 मध्ये तो वाद घालून मी पाच गुंठे शेवंतीसाठी काढून घेतले. काश्या, म्हणजे मुळाशी फुटलेली लावायची रोपं, मिळायला उशीर झाला, त्यामुळं लावण जुलै संपता संपता झाली. झाडं तगली, पण वीतभर उंचीची असतानाच शेंड्याला कळ्या दिसायला लागल्या. घेर नाही, फांद्या नाहीत, एका झाडाला चार-पाच फुलं. खत कमी पडलं असं वाटून युरिया टाकला. पानं काळीभोर झाली, फुलं तेवढीच राहिली.

शेजारचे तात्या बांधावर उभे होते. उसाच्या तुऱ्याकडं बोट करून म्हणाले, "ह्यो तुरा काय खतानं येतोय व्हय? दिस उतरला की येतोय त्यो. तुझ्या फुलाचं बी तसंच आसंल."

तसंच होतं. शेवंती, सोयाबीन ही लहान दिवसाची पिकं. दिवस मोठा असेपर्यंत झाड अंगानं वाढतं, रात्र लांबली की फुलाकडं वळतं. 1920 मध्ये गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका वाणावर हे दाखवून दिलं. पुढं कळलं की झाड खरं तर उजेड मोजत नाही, सलग अंधार मोजतं. कोल्हापुरात 21 जूनला दिवस तेरा तासांच्या जरा वर असतो, डिसेंबरात अकराच्या जरा वर. ऑगस्ट-सप्टेंबरात तो रोज जेमतेम मिनिटभर आखडतो. आपल्याला जाणवतही नाही, झाडाला तेवढं पुरतं. माझी रोपं अंग धरायच्या आतच रात्र लांबली होती.

2023 ला भरणीत, म्हणजे एप्रिलअखेर लावण केली. महिन्याभरानं शेंडे खुडले, मृगात पुन्हा एकदा. आडसं, म्हणजे बाजूच्या फांद्या, फुटून झाडं गुडघ्याला लागली. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, त्यामुळं दसरा 24 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला. माल नेमका त्याच दिवसांत निघाला. पहिली पाटी मी अंबाबाईला वाहिली आणि मगच बाजारात गेलो.

पण गोठ्याकडच्या तीन सऱ्या हिरव्याच राहिल्या. तेच रोप, तेच पाणी, तीच फवारणी, आणि कळीचा पत्ता नाही. चार दिवस मी मुळं उकरून बघितली. एका रात्री मोटार बंद करायला गेलो तेव्हा उलगडा झाला. मोटारीची केबल चोरीला गेल्यापासून गोठ्यावर रात्रभर हॅलोजन जळत होता. त्याचा उजेड बरोबर त्या तीन सऱ्यांवर पडत होता. मध्ये पाण्याची टाकी. टाकीची सावली जेवढ्या पट्ट्यावर पडत होती तेवढ्याच पट्ट्यातली झाडं पिवळीधमक फुललेली, आणि सावलीच्या कडेला एका झाडाची अर्धी बाजू फुलावर, अर्धी हिरवी. मी बॅटरी बंद करून कितीतरी वेळ तिथंच बसलो. कुठल्या पुस्तकानं इतकं स्वच्छ समजावलं नसतं. ऑगस्ट लागला की आता तो दिवा मी रस्त्याकडं तोंड करून लावतो.

2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला, तीन आठवडे अलीकडं. सण चंद्रावर चालतो, शेवंती सूर्यावर, त्यामुळं दोघांची गाठ दरवर्षी पडत नाही. म्हणून रात्र लांबवायला एका वाफ्यावर जुलैच्या मध्यापासून संध्याकाळी पाच ते सकाळी सात काळा प्लास्टिकचा कागद पांघरायला सुरुवात केली. कळ्या लवकर धरल्या, दसऱ्याला फुलंही आली. पण आपल्याकडचा आषाढाचा पाऊस आणि वर कागद! आतली दमट हवा कोंडून खालची पानं काळी पडून गळाली, निम्मी झाडं गेली. उघड्या रानात पावसाळ्यात हे करू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय. शेडनेट असेल, हवा खेळती असेल, तर गोष्ट वेगळी.

त्यामुळं आता मी तिथी बघत नाही, नक्षत्रं बघतो. पावसाची नक्षत्रं सूर्याची, दरवर्षी त्याच तारखांच्या आसपास येतात. म्हणून आपल्या जुन्या माणसांचा हा हिशोब फुलाला चपखल बसतो. भरणीत लावण, मृगात दुसरी खुडणी, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुनर्वसू संपला की शेंड्याला हात लावायचा नाही. उशिरा खुडलं तर कळीच हातात येते.

2026 ला अधिक ज्येष्ठ असल्यानं दसरा 20 ऑक्टोबरला आहे, म्हणजे बिनकागदाची शेवंतीही सणाला गाठ घालील. काश्यांसाठी मातृवाफ्यातली झाडं राखून ठेवली आहेत. यंदा पाचाचे आठ गुंठे करायला घरातून कुणी आडवं आलं नाही.