बारा चौकटी आणि नाशिकचं पुस्तक

शनिवार, रात्री

आमच्या वाचनगटाच्या यंदाच्या वाचनाच्या अटी आज ठरल्या एकदाच्या. बारा महिने, बारा चौकटी. प्रत्येक चौकटीला एक अट आणि त्या अटीत बसणारं एक पुस्तक. एक पुस्तक एकाच चौकटीत मोजायचं, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. बाकी मात्र प्रत्येक अटीचा कीस पडला. गंगापूर रोडला डॉक्टरांच्या गच्चीवर आम्ही सगळे स्वेटर-शाली गुंडाळून बसलो होतो, चहा दोनदा झाला, जानेवारीची थंडी हाडात शिरायला लागली, तरी कोणी उठेना.

अटी अशा: आपल्या जन्माआधी निघालेलं पुस्तक, दुसऱ्या भारतीय भाषेतून मराठीत आलेलं, बाईनं लिहिलेलं आत्मकथन, एखादं नाटक, विज्ञानावरचं काही, शंभर पानांच्या आतलं, एका शब्दाच्या नावाचं, आपण घरी बोलत नाही अशा बोलीतलं, घरात कधीपासून पडून असलेलं, मागे अर्धवट सोडलेलं, गटातल्या दुसऱ्या कोणी आपल्या हातात ठेवलेलं. आणि बारावी अट, जिच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला: नाशिकचं पुस्तक.

आवडीचं वाचायला अटी कशाला लागतात, असं आमचे हे विचारतात. मला वाटतं, लागतात. आपली आवड आपण आधी जे वाचलं त्यातूनच घडलेली असते, त्यामुळे ती आपल्याला पुन्हा त्याच कपाटापाशी नेऊन उभी करते. अट आली की पलीकडच्या कपाटाकडे जावंच लागतं. अर्थात चौकट दोन्ही बाजूंनी भरता येते. वाचायचं ठरलेलं पुस्तक आधी घ्यायचं आणि ते कुठे बसतंय ते बघायचं. किंवा अट आधी घ्यायची आणि तिच्या मागे जायचं. पहिल्या रीतीत गैर काहीच नाही. पण त्या रीतीनं बाराच्या बारा चौकटी भरल्या तरी वर्षाअखेरीला आपण होतो तिथेच. यंदा निम्म्या तरी चौकटी दुसऱ्या रीतीनं भरायच्या, असं मी ठरवलंय.

रविवार

सकाळी वही घेऊन बसले. पहिलं नाव सुचलं ते 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक मी शाळेच्या धड्यापलीकडे वाचलेलंच नाही, आणि ते पुरं वाचायची इच्छा फार जुनी आहे. अडचण अशी की ते चार चौकटींत बसतं. बाईचं आत्मकथन तर आहेच. नाव एका शब्दाचं. चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात निघालं, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. आणि लक्ष्मीबाई जन्मल्या आपल्या नाशिकजवळच्या जलालपुरात, तेव्हा नाशिकचं पुस्तक म्हणूनही चालेल.

चारपैकी कुठली चौकट द्यायची? गणिताच्या बाईंना फोन केला. त्यांचं उत्तर तयार होतं. "ज्या चौकटीला तुझ्याकडे पर्याय कमी, ती आधी भर. एका शब्दाच्या नावाची पुस्तकं कपाटात हात घातला तरी सापडतील, तिथे हे खर्च करू नकोस." बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण उदाहरण सोडवायची त्यांची पद्धत अजून तशीच आहे. मी आत्मकथनाची चौकट दिली. पर्याय तिथेही आहेत, हे मला ठाऊक आहे. पण सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली, लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेली बाई आपला संसार, नवऱ्याचं धर्मांतर आणि त्यानंतरची ताटातूट इतक्या मोकळेपणानं सांगते. त्या पुस्तकाला त्याच्या नावातल्या शब्दसंख्येवरून जागा देणं मला बरं वाटलं नाही.

बुधवार

ऑफिस सुटल्यावर टिळक पथावर सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात गेले. हे वाचनालय १८४० चं. जन्माआधीचं पुस्तक शोधायला याहून योग्य जागा गावात दुसरी कुठली असणार?

पण ही अट वाटते तितकी सरळ नाही. पुस्तकाचं साल म्हणजे नक्की कुठलं? शीर्षकपान उलटलं की मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळी कुंडली असते: पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, मग पुनर्मुद्रणांची रांग, हक्क कोणाचे, मुद्रक कोण, मुखपृष्ठ कोणाचं, किंमत. आज मी पुस्तकं हातात घेऊन फक्त ती पानं वाचत होते. एका जुन्या प्रतीला कापडी कण्याचं बायंडिंग होतं, कण्यावर दाखल क्रमांकाची चिठ्ठी, आत पहिल्याच पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का. किंमत रुपये-आण्यांत. साल शोधायचीही गरज नव्हती. आणे दिसले की पुस्तक माझ्या आधीचं, एवढं पुरे.

गटात यावर ठरलंय ते असं: हातातली प्रत कालची असली तरी चालेल, पहिली आवृत्ती जन्माआधीची हवी. मला पटतं. नाहीतर वाचनाऐवजी जुन्या प्रतींचा शोधच सुरू होईल, आणि ज्यांच्या घराजवळ जुनं वाचनालय नाही त्यांच्यावर अन्याय होईल. खरा पेच अनुवादाचा. भैरप्पांची 'वंशवृक्ष' मूळ कन्नडमध्ये १९६५ ची. माझा जन्म १९७४ चा. उमा कुलकर्णींनी ती मराठीत आणली त्यानंतर; त्या अनुवादाला १९८९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मग ही कादंबरी माझ्या आधीची की नंतरची? डॉक्टर म्हणाले मूळ साल धरा. मी म्हटलं, नाही. मी वाचणार ती मराठी वाक्यं उमाताईंची आहेत आणि ती १९७४ मध्ये नव्हती. अनुवादाला स्वतःचं साल असतं, स्वतःचा लेखक असतो. त्याच ओघात मी आणखी एक मागणी केली: आमच्या तक्त्यात लेखकाशेजारी अनुवादकाच्या नावाचा रकाना हवाच. तो रकाना झाला. मला त्याचा फार आनंद आहे.

'वंशवृक्ष' अनुवादाच्या चौकटीत गेली. जन्माआधीच्या चौकटीसाठी कुसुमाग्रजांची 'विशाखा' घेतली, १९४२ ची. त्यातल्या कविता सुट्या सुट्या पाठ आहेत. पुस्तक म्हणून पहिल्या पानापासून शेवटापर्यंत कधी वाचलं नव्हतं.

गुरुवार

नाटक ठरलं नाही. विज्ञानाच्या चौकटीत जयंत नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व' घालायचा मोह झाला होता. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष. तब्येतीमुळे त्यांना येता आलं नाही, तेव्हापासून हे पुस्तक वाचायचं मनात आहे. पण ते आत्मचरित्र आहे. शास्त्रज्ञानं लिहिलं म्हणून विज्ञानाचं होत नाही. विज्ञानाच्या चौकटीत विज्ञानच असावं, निदान त्यांच्या विज्ञानकथा तरी. आत्मचरित्र वेगळं वाचेन, चौकटीशिवाय. बारा पुस्तकांनंतर वाचन बंद करायचं असं कोणी म्हटलेलं नाही.

शुक्रवार, रात्री

आज गटात थोडं दुखावणारं बोलणं झालं. आमच्यातल्या एका काकूंची दृष्टी अधू झालीये. त्या मोबाइलवर पुस्तकं ऐकतात. कोणीतरी म्हणालं की ऐकलेलं पुस्तक धरायचं नाही, वाचन म्हणजे डोळ्यांनी वाचलेलं. काकू गप्प झाल्या. त्यांचं गप्प होणं मला सहन झालं नाही.

मी उमा कुलकर्णींचंच उदाहरण दिलं. त्यांचे यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून ते ध्वनिमुद्रित करून ठेवत, आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहीत. ज्या कादंबऱ्या आपण सगळे मोठ्या अभिमानानं अनुवादाच्या चौकटीत मांडतोय, त्या मराठीत आल्या त्याच मुळी कानावाटे. ऐकून जर अख्खी कादंबरी दुसऱ्या भाषेत उभी करता येत असेल, तर ऐकून ती वाचता येत नाही असं कसं म्हणायचं? पोथी सांगणारा एक आणि ऐकणारं घर भरून, हे तर आपल्या आजीच्या काळापर्यंत चालू होतं. ऐकणाऱ्यांनी ग्रंथ वाचला नाही असं कोणी मानलं नाही. पुस्तक पुरं ऐकलेलं असावं, संक्षिप्त नसावं, एवढी अट पुरे. शेवटी तसंच ठरलं. काकूंनी रात्री फोन करून पहिल्यांदा काय ऐकू म्हणून विचारलं. बोलता बोलता अकरा वाजले.

रविवार

नाशिकचं पुस्तक.

नाशिकचं म्हणजे काय, यावर आजच्या बैठकीत मतं अशी: इथे जन्मलेल्याचं, इथे राहिलेल्याचं, की इथे लिहिलेलं? जन्म धरला तर कुसुमाग्रज बाहेर जातात, त्यांचा जन्म पुण्याचा. वसंत कानेटकरही जातात. ते साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे, पण आयुष्य गेलं नाशकात शिकवण्यात आणि नाटकं लिहिण्यात. या दोघांना वगळून नाशिकची यादी कोण करेल? इथे लिहिलेलं म्हटलं तर साने गुरुजी येतात. 'श्यामची आई'चा मोठा भाग त्यांनी इथल्याच तुरुंगात लिहिला, फेब्रुवारी १९३३ मध्ये, पाच दिवसांत. सगळ्या घरांत असलेलं ते पुस्तक इथल्या तुरुंगात लिहिलं गेलं हे गटातल्या कॉलेजच्या मुलाला माहीत नव्हतं. तो लगेच म्हणाला, माझी चौकट झाली. त्यानं ते वाचलेलं नाही. छान निवड आहे.

तिन्ही अर्थ चालतील असं ठरलं. मग बहुतेकांनी कुसुमाग्रज घेतले, आणि त्यात नवल नाही. तात्यासाहेब आपलेच. पण त्यांना वाचायला नाशिककराला अटीची गरज पडत नाही. टिळकवाडीतल्या त्यांच्या घरावरून जाताना, सत्तावीस फेब्रुवारीला त्यांच्या जन्मदिवशी, 'नटसम्राट'चा प्रयोग लागला की, ते आपल्यासमोर असतातच. मला ही चौकट अशा नावासाठी वापरायची होती जे इथलंच आहे आणि तरीही माझ्याकडून राहून गेलंय.

बाबुराव बागूल. जन्म १९३०, गाव विहितगाव. देवळालीला नणंदेकडे जाताना त्या गावावरून मी किती वर्षं जातेय. बसच्या खिडकीतून तिथली पाटी वाचत आले, आणि 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा कथासंग्रह लिहिणारा माणूस या गावचा, हे पाटी वाचताना कधी मनात आलं नाही. मराठी कथा कुठून कुठे गेली हे सांगताना हा संग्रह वगळून कोणाला पुढे जाता येत नाही. कॉलेजात या नावाची टीप लिहिली होती, परीक्षेपुरती. पुस्तक उघडलं नव्हतं.

दुपारी शीर्षककथा वाचली. रेल्वेत नोकरीला लागून परगावी आलेला तरुण, राहायला जागा हवी म्हणून लपवलेली जात, आणि ती कळल्यावर जे होतं ते. तो तरुण हुशार आहे, स्वाभिमानी आहे, देशाबद्दल मोठी स्वप्नं बाळगून आहे, आणि म्हणूनच वाचणं आणखी अवघड होतं. वाचून झाल्यावर लगेच पुढची कथा घेता आली नाही. भाड्याची खोली देताना लोक आज काय काय विचारतात, ते आठवत राहिलं. आमच्याच सोसायटीत, याच महिन्यात, घर बघायला आलेल्या मुलाला आडनावानंतर गाव आणि गावानंतर आणखी काय काय विचारलं गेलं, ते मी जिन्यात उभी राहून ऐकलंय. पुढच्या बैठकीत मी याच कथेवर बोलणार, आणि जिन्यातलंही सांगणार.

मंगळवार

बोलीच्या चौकटीत बहुतेकांनी बहिणाबाई लिहिल्या होत्या, पुढे कंसात अहिराणी. सटाण्याचे दादा घरी अहिराणीच बोलतात. त्यांनी शांतपणे सांगितलं की बहिणाबाईंची ती लेवा बोली, आमची अहिराणी वेगळी. मग त्यांनी दोन्हींतली वाक्यं एकापाठोपाठ म्हणून दाखवली. फरक ऐकताक्षणी कळला. तक्त्यातली दुरुस्ती लगेच झाली.

पण दादांनी आणखी एक गोष्ट काढली. त्यांच्याकडे एक वही आहे. आईच्या तोंडून ऐकून उतरवलेली आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाची गाणी, झोक्यावर बसून लेकीबाळी म्हणतात ती. छापलेली नाही, प्रकाशक नाही, साल नाही. अहिराणीच्या चौकटीत गटातल्या कोणाला हवी असेल तर देईन म्हणाले. हे पुस्तक आहे का? बाई नियमाच्या पक्क्या, त्यांना वाटतं नाही. मला वाटतं आहे. घरी बोलत नाही ती बोली वाचावी म्हणून ती अट आहे, आणि त्या वहीत ती बोली ज्यांच्या तोंडची, त्यांच्याकडून थेट येते. मत घेतलं. वही धरायची ठरली. अट एवढीच की घेणाऱ्यानं दादांसमोर बसून मोठ्यानं वाचायची, म्हणजे उच्चार चुकले तर ते सांगतील. मी नाव दिलंय. बाईंनीही दिलं.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकाची चौकट अजून रिकामी आहे, नाटकाचीही. नाटकासाठी कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' काढून ठेवलंय, पण काकू म्हणतात की नाटक दोघी-तिघींनी भूमिका वाटून घेऊन वाचलं पाहिजे, तेव्हा ते मार्चपर्यंत थांबेल. सुरुवात बागूलांपासून. सावानाची प्रत आहे, माझ्यामागे दोघांनी नाव लावलंय. या आठवड्यात उरलेल्या कथा वाचून पुढे द्यायची आहे.