ताम्हिणीतून दिवेआगर, आणि वाटभर घासणारं मडगार्ड

पौड मागे पडलं तेव्हा मागच्या चाकातून पहिल्यांदा आवाज आला. घस्... घस्... घस्... चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. पाऊस जोरात होता, म्हणून आधी वाटलं ओला ब्रेक बोलतोय. चढावर सीटवरून उठून पायडल मारायला लागले की आवाज वाढायचा, बसले की कमी व्हायचा. तेव्हा कळलं की ब्रेक नाही, मडगार्ड घासतंय.

जुलैचा तिसरा शनिवार. कोथरूडहून मी आणि मामा पहाटे पाचला निघालो होतो. बेत असा: पहिल्या दिवशी पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे करत माणगाव, शंभर-एक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी म्हसळा, बोर्ली पंचतनमार्गे दिवेआगर, पन्नासच्या आसपास. तिसऱ्या दिवशी सायकली टेंपोत घालून परत. पावसाळ्यात हा रस्ता सायकलवर बघावा असं माझं कित्येक वर्षं मनात होतं. जे कुणी या पावसात निघणार असतील त्यांच्यासाठी रस्त्याबद्दल थोडं आणि मडगार्डबद्दल जास्त लिहितेय, कारण आमचा पहिला दिवस जवळजवळ सगळा त्यातच गेला.

ताम्हिणीच्या पावसात मडगार्डशिवाय जाऊ नका. मागचं चाक पाणी पाठीवर उडवतं हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं चाक तेच पाणी, त्यात रस्त्यावरची बारीक वाळू मिसळून, तुमच्या बुटांवर आणि साखळीवर फेकतं. चार तासांत साखळीचं तेल धुऊन जातं आणि गिअर करकरायला लागतात. माझ्या सायकलला ३२ मिलिमीटरचे टायर आहेत, म्हणून मी ४५ मिलिमीटर रुंदीची लांब मडगार्डं घेतली होती. दोन्ही बाजूंनी निदान पाच-पाच मिलिमीटर जास्त हवीच, नाहीतर पाणी कडेवरून निसटतं.

तर पौडपुढे एका बंद टपरीच्या आडोशाला थांबलो. बघितलं तर मागचं मडगार्ड डावीकडे टायरला टेकलं होतं. मी मडगार्ड धरून ठेवणाऱ्या सळ्यांचे नट ढिले केले, मडगार्ड उजवीकडे ओढलं आणि तसंच धरून नट आवळले. आवाज बंद. मामा म्हणाला, "अगं, ओढून बसवू नकोस. सोडलंस की परत जाईल तिथंच." मला घाई होती. म्हटलं, "मामा, चल तू, आता नाही वाजणार."

मुळशी धरणाच्या कडेकडेने जाताना पाऊस थोडा उघडला. टाटांचं हे धरण होताना सेनापती बापटांनी इथल्या शेतकऱ्यांबरोबर सत्याग्रह केला होता, १९२१ पासून पुढची तीन वर्षं. मामाने ती सगळी हकिकत पायडल मारता मारता सांगितली. पाण्याखाली गेलेल्या गावांबद्दल बोलताना तो गप्प झाला आणि मग बराच वेळ दोघंही गप्पच चाललो.

मालेच्या पुढे रस्ता खराब आहे. खड्डे पाण्याने भरलेले, खोली कळत नाही. दहा-बारा खड्डे झाले आणि घस् घस् परत सुरू. पुन्हा थांबले, पुन्हा ओढलं, आणि या वेळी सळीच थोडी वाकवली. ही माझी सगळ्यात मोठी चूक. का, ते पुढे कळेल.

ताम्हिणी गावापासून डोंगरवाडीपर्यंतचा भाग वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत. दोन्ही बाजूंनी धबधबे, ढग रस्त्यावर उतरलेले, आणि समोरची गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज. दिवसाही दिवे लावा, पुढे पांढरा आणि मागे लाल. शनिवार-रविवारी इथे गाड्या रस्त्याच्या मधोमध उभ्या असतात, म्हणून जमलं तर मधल्या वारी जा. उतार सुरू होण्याआधी ब्रेक हलकेच दाबून रिम पुसून घ्या.

उतारावर रस्ताभर झाडांच्या काटक्या पडल्या होत्या. एक बोटभर जाडीची काटकी पुढच्या चाकाने उचलली आणि मडगार्डमध्ये खेचली. टक् असा आवाज झाला, मडगार्डच्या सळ्या फोर्कजवळून, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याजवळून, सुटल्या आणि मडगार्ड लोंबायला लागलं. चाक मात्र फिरत राहिलं. मी सावकाश थांबले. पाय थरथरत होते. लांब मडगार्डांच्या पुढच्या सळ्यांना फोर्कपाशी प्लास्टिकचे खटके असतात ते ह्यासाठीच: आत काही अडकलं तर सळी सुटते, चाक जाम होत नाही आणि आपण हँडलवरून पुढे फेकले जात नाही. खड्ड्यांत हे खटके कधी कधी उगाच सुटतात म्हणून मी ते झिप टायने बांधून टाकणार होते. मामाने आदल्या आठवड्यात मला त्यावरून रागावून थांबवलं होतं. कृपा करून कुणीही ते बांधू किंवा चिकटवू नका. निघताना फक्त अंगठ्याने दाबून पूर्ण बसलेत का ते बघा.

विळ्याला उतरल्यावर ऊन पडलं, आणि निजामपूर ते माणगाव सपाट रस्त्यावर मागचं मडगार्ड पुन्हा वाजायला लागलं. माणगावात सायकल दुरुस्तीचं एक छोटं दुकान सापडलं. मी म्हटलं, "दादा, मडगार्ड सरळ करून द्या ना, सकाळपासून घासतंय." त्यांनी मडगार्डला हातही लावला नाही. मागे उकिडवे बसले, एक डोळा मिटून चाक बघितलं आणि म्हणाले, "ताई, चाक वाकडं बसलंय. मडगार्डाचा काय दोष?"

आदल्या रात्री पंक्चर काढून मी चाक सायकल उलटी ठेवूनच बसवलं होतं. एका बाजूचा आस खोबणीत पूर्ण गेलाच नव्हता. त्यांनी सायकल सरळ उभी केली, चाक आवळणारा खटका सोडला, सीटवर तळहाताने जोर दिला, चाक खट्टकन जागेवर बसलं. आणि आता मडगार्ड दुसऱ्या बाजूला टेकलं! कारण मी ते दिवसभर वाकड्या चाकाच्या मापाने ओढत आणि वाकवत आले होते. वाकवलेली सळी सरळ करायला त्यांना अर्धा तास लागला. पैसे त्यांनी तीस रुपये मागितले. मामाने शंभरची नोट दिली आणि सुटे घेतले नाहीत.

त्या दुकानात बसून जे शिकले ते सांगते. सायकल चाकांवर उभी असताना आधी चाक नीट बसवा. मागून बघा, चाक फ्रेमच्या दोन्ही दांड्यांच्या बरोब्बर मधे आहे ना. फिरवून बघा, चाकातच बाक असेल तर आधी तो काढून घ्या. मगच मडगार्ड. सगळे नट ढिले ठेवून वरचा, ब्रेकजवळचा बोल्ट आधी हलका धरा. बागेच्या अर्ध्या इंची नळीचे तीन तुकडे कापून टायर आणि मडगार्डच्या मधे तीन ठिकाणी ठेवा. नळीची बाहेरची जाडी साधारण पंधरा मिलिमीटर असते, तेवढं अंतर पुरतं आणि सगळीकडे सारखं राहतं. मडगार्ड आपसूक जिथे बसेल तिथेच सळ्यांची लांबी जुळवा. एखादी सळी पोचत नसेल तर मडगार्ड ओढू नका, फटीत वायसर घाला. हात सोडल्यावर मडगार्ड जरासुद्धा हललं नाही तर समजा ताण नाही. ताण असलेलं मडगार्ड खड्ड्यात सरकतं, आणि काही महिन्यांनी बोल्टच्या भोकापाशी चिरतं.

अंतराबद्दल अजून एक. पुढच्या चाकात काडी-खडा खालून, मागच्या टोकाकडून शिरतो आणि वरून पुढे बाहेर पडतो. म्हणून मडगार्ड पुढच्या टोकाकडे टायरच्या जवळ येता कामा नये. तिथे अंतर सारखं किंवा किंचित जास्तच हवं. निमुळतं झालं की शिरलेलं अडकतं.

सोबत ४ आणि ५ मिलिमीटरच्या ॲलन की, ८ चा पाना, एम५ चे दोन जादा बोल्ट आणि नायलॉक (हादऱ्याने ढिले न होणारे) नट, चार झिप टाय, जुन्या ट्यूबची पट्टी ठेवा. ट्यूबचे गोल तुकडे कापून वायसरच्या जोडीला घातले तर खडखड बरीच कमी होते. सळ्यांची जास्तीची टोकं कापून त्यांवर टोप्या घाला, मामाच्या पोटरीवर माझ्या सायकलच्या सळीचा ओरखडा अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने तेलाच्या रिकाम्या कॅनमधून एक फ्लॅप कापला आणि माझ्या मागच्या मडगार्डला बोल्टने लावला, जमिनीपासून चार बोटं वर राहील असा. पहिला दिवसभर तो माझ्या मागे माझ्या चाकाचं पाणी तोंडावर घेत आला होता आणि एका शब्दाने बोलला नव्हता. मडगार्ड आपल्यासाठी असतं, फ्लॅप मागच्यासाठी. घोळक्याने जाणार असाल तर तो लावाच.

म्हसळ्याकडे चढ-उतार भरपूर, पण वाहनं कमी. कच्च्या वळणावर लाल माती मडगार्डच्या आत चिकटून गच्च बसते. चाक जड वाटलं की थांबून काडीने काढा, वाळली की दगड होते. बोर्ली पंचतनपासून पुढे सुपारीच्या वाड्या सुरू झाल्या आणि चाकाचा आवाज फक्त पाण्याचा, सर्र असा.

दिवेआगरला सुवर्ण गणेशाचं दर्शन घेतलं, उकडीचे मोदक खाल्ले. किनाऱ्यावर सायकल नेली नाही, तुम्हीही नेऊ नका. वाळू मडगार्डमध्ये शिरली की टायरला घासतच राहते, आणि खाऱ्या हवेने बोल्ट दोन दिवसांत गंजतात. मुक्कामाच्या घरच्या काकूंनी विहिरीजवळचा नळ दाखवला, तिथे दोन्ही सायकली गोड्या पाण्याने धुतल्या.

टेंपोत सायकली आडव्या टाकू देऊ नका. वजन मडगार्डवर येतं आणि सगळी मेहनत वाया जाते. आम्ही दोन्ही उभ्या बांधल्या, मधे गोधडी घातली. पुण्यात उतरवल्यावर मामाने माझं मागचं चाक उचलून फिरवलं, कान जवळ नेला आणि पुढच्या वर्षी हरिहरेश्वरला कुठल्या घाटाने जायचं ते विचारलं.