बेळगावच्या हवेत जटोबाचं फ्लोअरिंग : माझा अनुभव

जटोबा, कुमारू आणि इपे ही दक्षिण अमेरिकेतली लाकडं सागवानाच्या दुप्पट-तिप्पट कठीण आहेत. पण बेळगाव-खानापूर पट्ट्यात लाकडी फ्लोअरिंग बिघडतं ते ओलाव्यापायी. म्हणून मी आधी महिना ठरवला, मग लाकूड.

वखारीत ‘साउथ अमेरिकन’ म्हणून पुष्कळदा इक्वेडोर किंवा ब्राझीलमधल्या लागवडीचं सागवान पुढे येतं. ते वाईट नाही, पण वरच्या तिन्ही लाकडांच्या जाती वेगळ्या. इपेचा भुसा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकला की लालभडक रंग सुटतो. प्राथमिक ओळखीला तेवढं पुरतं. इपे आणि कुमारू 25 नोव्हेंबर 2024 पासून साइट्सच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे त्या तारखेनंतर आलेल्या मालाच्या निर्यात परवान्याची प्रत मागावीच. खोलीसाठी मी जटोबा घेतला.

खोली 12 बाय 14, म्हणजे 168 चौरस फूट. कापाकापीला दहा टक्के धरून 185 घ्यावं. 18 मिमी जाडीत हा माल पावणेतीनशे किलोच्या आसपास भरतो. वर चढवायचा तर माणसं तशी सांगावीत.

आता ओलाव्याचं गणित. उघड्या खिडक्यांच्या घरात लाकडातला ओलावा उन्हाळ्यात 9 टक्क्यांपर्यंत उतरतो आणि आषाढ-श्रावणात 16-17 वर जातो. 90 मिमी रुंद पट्टी 4 टक्के ओलाव्याने सुमारे 1 मिमी फुगते. 12 फुटांत अशा 40 पट्ट्या, म्हणजे चार सेंटिमीटर! एप्रिलमध्ये घट्ट ठोकलेलं फ्लोअरिंग जुलैत मधोमध उचलतं ते यामुळेच. ऑगस्टमध्ये बसवलं तर उन्हाळ्यात फटी पडतात. दिवाळीनंतर, लाकडाचा ओलावा मोजणारा मीटर 11-12 टक्के दाखवत असताना बसवावं. मीटर जटोबाच्या घनतेला जुळवून घ्यावा, सागवानाच्या सेटिंगवर आकडा चुकतो. तोवर थप्पीत मधे पट्ट्या घालून माल त्याच खोलीत, खिडक्या रोजच्यासारख्या ठेवून, दोन-तीन आठवडे मुरू द्यावा.

कोब्यावर दोन फुटी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवावं. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळवंडला तर काम थांबवावं. जुन्या घरांच्या जोत्याला ओल धरते, तिथे ही चाचणी पावसाळा संपल्यासंपल्या घ्यावी. कोबा कोरडा निघाला की 250 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, त्यावर 18 मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय, शीटमधे 3 मिमी फट.

भिंतीलगत चहूकडे 15 मिमी जागा सोडली आणि दर चार ओळींनंतर 1 मिमीचे वॉशर उभे ठेवून पुढची ओळ लावली. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, पट्ट्यांना नाही. स्क्रू पट्टीच्या जिभेतून (शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडेतून) तिरपा, दर आठ इंचांवर, टोकापासून दोन इंच आत. आधी 2.5 मिमी भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारलाच तर जीभ चिरते नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं. करवतीला कार्बाइडचं पातं लागतं. साधं पातं बोथट होऊन कड जाळतं. इथे सुताराला घाई करू देऊ नये, सगळं काम या भोकांवर टिकतं. धूळ नाकाला झोंबते, मास्क हवाच.

घासकाम 60, 80, 120 नंबरच्या पॉलिश पेपरने. जटोब्यावर पॉलियुरेथेनचं पॉलिश नीट वाळतं. कुमारू तेलकट, त्यावर तेलाचं पॉलियुरेथेन चिकट राहतं; आधी मेण काढलेल्या लाखेचा एक हात द्यावा.

जटोबा उजेडात महिन्या-दोन महिन्यांत तांबूस-तपकिरी होतो. तोवर गालिचा अंथरू नये, खाली फिकट चौकोन राहतो. आणि वाळवी जटोब्याच्या गाभ्याला सहसा लागत नसली तरी खालच्या प्लायला लागते, म्हणून प्लाय घालण्याआधी कोब्याच्या कडेने वाळवीचं औषध मारून घ्यावं.