पाठीवर कवटी, डोळा मधावर

पावसाळ्यात आमच्या जुळे सोलापुरात, वस्ती विरळ होऊन शेते सुरू होतात त्या बाजूला, व्हरांड्यातील दिव्याजवळ कधीकधी एक दांडगा पतंग भिंतीला चिकटून बसलेला दिसतो. गडद तपकिरी पंख, पिवळे-काळे पट्टे असलेले पोट आणि पाठीवर कवटीसारखी फिकट खूण एवढे पाहिले, की घरातील कोणीतरी झाडू आणायला धावते आणि ‘अशुभ आहे, पण मारू नका, नुसता हाकला’ असा मध्यममार्ग थोरली मंडळी काढतात.

हा हॉक मॉथ कुळातील अ‍ॅकेरॉन्शिया स्टिक्स. गंमत अशी, की ज्याला पाहून आपण दचकतो त्याची अळी शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीची असते. तिळाच्या ओळी खुरपताना बोटापेक्षा जाड, हिरवी, अंगावर तिरपे पट्टे आणि मागच्या टोकाला वाकडे, खरबरीत शिंग असलेली जी अळी सापडते, ती याचीच. ते शिंग टोचत नाही. मात्र अळीला डिवचले, तर ती जबडे आपटून कटकट आवाज करते. पानांच्या रंगात ती सहज लपते, पण तिच्या जाड लेंड्या खाली पडलेल्या दिसल्या, की वरच्या फांद्या धुंडाळाव्यात. प्रादुर्भाव थोडा असेल, तर वेचून काढणे पुरते. पूर्ण वाढलेली अळी मातीत शिरून कोष करते, त्यामुळे खोल नांगरणीत हे कोष उघडे पडतात आणि पक्ष्यांचे फावते.

पतंगाचे लक्ष मात्र तिळावर नसून मधावर असते. या कुळातील बहुतेक पतंग लांब सोंडेने फुलांतील रस पितात. याची सोंड आखूड आणि दणकट असल्यामुळे तो रात्री सातेरी मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मेणाचे झाकण भोसकतो. याच्या अ‍ॅट्रोपॉस या भावंडाच्या अंगावर मधमाश्यांच्या अंगावर असतात तशीच मेदाम्ले, म्हणजे स्निग्ध पदार्थांतील आम्ले, असतात, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले; म्हणजे अंधारात हा चोर वासाने घरचाच वाटत असणार. पकडल्यावर हे पतंग चक्क चिरकतात. घशात हवा ओढताना तेथील एक पडदी थरथरते आणि हवा बाहेर सोडताना शिटीसारखा बारीक सूर निघतो.

आपल्याकडे डाळिंबाच्या बागांत परागीभवनासाठी मधपेट्या ठेवतात. पेटीचे दार अरुंद ठेवले, तर मधमाश्यांची ये-जा चालू राहते आणि एवढ्या जाड अंगाच्या पतंगाला बाहेरच थांबावे लागते.