आमच्या वाद्यवृंदाचा चेंज रिपोर्ट (माझा अनुभव)

ज्यांच्या जुन्या कलासंस्था आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. चेंज रिपोर्ट म्हणजे संस्थेचे विश्वस्त, पदाधिकारी बदलले की तो बदल धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नोंदवायचा अर्ज. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरंच रक्त आटायचं वाचलं असतं. गावाचं अन् ऑफिसचं नाव टाकत नाही, मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव समजा.

आमचा ग्रुप पाच जणांचा. व्हायोलिन, क्लॅरिनेट, हार्मोनियम, तबला आणि पखवाज. गायक नाही, निवेदक नाही, नाट्यपदं, अभंग आणि रागातल्या गती. बिदागी घेऊनच वाजवायचं हा सुरुवातीपासूनचा नियम, कारण मूळच्या लोकांचं पोट त्यावर होतं. क्लॅरिनेटवाले लग्नाच्या बँडमधले, पखवाजवाले काका वारकरी घराण्यातले, व्हायोलिन वाजवायचे ते शाळेत संगीत शिक्षक. संस्था नोंदवताना मात्र 1860 च्या सोसायटी कायद्याप्रमाणे किमान सात माणसं पाहिजेत, म्हणून गावातले एक डॉक्टर आणि एक कापड दुकानदार घेतले, दोघंही पक्के कानसेन. ते सात जण 1950 च्या विश्वस्त कायद्याखाली शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय ऑफिसातल्या संस्थेच्या नोंदीवर, चढले आणि तिथंच राहिले. माणसं गेली, नवी पोरं वाजवायला लागली, कागद जागचा हलला नाही.

हे कळलं कधी, तर केंद्राच्या रेपर्टरी ग्रँटला (कलासंस्थांना मिळणारं अनुदान) अर्ज करायचा ठरवला तेव्हा. त्याला दर्पण पोर्टलची (स्वयंसेवी संस्थांसाठीची सरकारी वेबसाइट) नोंदणी लागते, त्याला आजचे पदाधिकारी लागतात, आणि बँक म्हणाली शेड्यूल वनवर जी नावं आहेत त्यांनाच आम्ही ओळखतो. म्हणजे आधी चेंज रिपोर्ट.

फॉर्म भरणं, ठराव, संमतीपत्रं, अॅफिडेव्हिट, हे सगळं वकिलानं पटकन केलं. कायद्याप्रमाणे पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत कळवायचं असतं, आमचे बदल कित्येक वर्षांचे, म्हणून विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो आणि कॉस्ट, म्हणजे उशिराबद्दलची रक्कम, भरावी लागते. इथपर्यंत ठीक होतं. अडलं ते धर्मादाय ऑफिसातल्या टेबलावर. "मधले चेंज रिपोर्ट कुठंयत? साखळी तुटलीय. कोण कधी गेलं त्याचे पुरावे आणा." एवढं बोलून फाईल बाजूला. नेमकं काय आणायचं ते एका वेळी सांगतच नाहीत हो! आज गेलो की एक कागद सांगायचे, तो नेला की दुसरा. साहेब रजेवर, साहेब मीटिंगला, पुढची तारीख घ्या. पखवाजवाले काका ऐंशीच्या पुढचे, सातातले तेवढेच हयात, त्यांना मी एसटीनं घेऊन गेलो साक्षीसाठी, दुपारपर्यंत बाकड्यावर बसवलं आणि मग सांगितलं की आज बोर्ड, म्हणजे सुनावणी, होणार नाही. फोन करून कळवता आलं नसतं का? त्या दिवशीचा राग अजून गेला नाही माझा. काकाच मला म्हणाले, "तू कशाला तापायलास बाबा, येऊ की परत."

डॉक्टरांचा मृत्यू दाखला त्यांच्या मुलीनं लगेच पाठवला, दुकानदारांचा नगरपालिकेत मिळाला. क्लॅरिनेटवाल्यांचा मात्र कुठंच नाही. ते त्यांच्या खेड्यात वारले, नोंदच केलेली नव्हती. वर्षाच्या वर गेलेल्या नोंदीला ग्रामसेवकाच्या हातात काही नसतं, नोंद आढळत नाही असा दाखला तेवढा मिळतो, तो लावून दंडाधिकाऱ्याचा आदेश घ्यायचा, मग नोंद. त्यासाठी ते कधी गेले याचा काहीतरी जुना कागद पाहिजे.

तो प्रोसिडिंग बुकात, म्हणजे बैठकांच्या ठरावांच्या वहीत, सापडला. शिक्षकांच्या घरी माळ्यावर होतं, कडा कसरीनं खाल्लेल्या. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 ला, विसर्जनानंतरच्या पहाटे झाला. त्याच्या पुढच्याच बैठकीचा ठराव आहे त्यात, गणपतीतल्या सगळ्या कार्यक्रमांची बिदागी भूकंपग्रस्तांना द्यायची. खाली सगळ्यांच्या सह्या, क्लॅरिनेटवाल्यांची सगळ्यात ठसठशीत, आणि समासात त्यांच्याच अक्षरात "रीड संपल्या, सोलापूरहून आणणे" (रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायची पातळ पट्टी). पोटावर पाय येत असताना या लोकांनी हंगामाचे पैसे देऊन टाकले होते, आणि आम्हाला, आज त्यांच्या जागी वाजवणाऱ्यांना, पत्ताच नव्हता! काही पानांनंतर त्यांच्या श्रद्धांजलीचा ठराव, तारखेसकट. तो ठराव आणि त्यांच्या पुतण्याचं अॅफिडेव्हिट यावर आदेश मिळाला.

एक राहिलंच, जुनी प्रोसिडिंग बुकं, पावती पुस्तकं, बिदागीच्या चिठ्ठ्या काहीही रद्दीत देऊ नका. आणि ऑडिट रिपोर्ट थकले असतील तर आधी ते भरा, नाहीतर सुनावणीला तोच प्रश्न येतो.

शेवटी काकांची साक्ष झाली. साहेबांनी विचारलं, संस्था काय काम करते? काकांनी कोण कुठं बसायचं, कुठल्या यात्रेत किती तास वाजवायचं, सगळं सांगितलं, मध्ये कुणी थांबवलं नाही. हरकतीची मुदत निघून गेली, कुणाची हरकत आली नाही, चेंज रिपोर्ट मंजूर. बाहेर आल्यावर मी काकांच्या पाया पडलो.

नवीन शेड्यूल वनचा उतारा हातात आला की तिथंच उभं राहून प्रत्येक नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळवून बघा आणि सर्टिफाईड कॉपी दोन-तीन जास्तीच्या घ्या, बँक एक ठेवून घेते. आमच्या हार्मोनियमवाल्याच्या वडिलांचं नाव चुकलं होतं, लगेच सांगितलं म्हणून लगेच दुरुस्त करून मिळालं. खात्यावर आता नव्या सह्या चालतात आणि ग्रँटचा अर्ज भरायला घेतलाय.