क्राउन व्हिकच्या डिकीत वाळू: किती, कुठे आणि काट्यावर काय दिसलं

हिवाळी टायर चढवून झाले, ते काम गेल्या नोंदीत येऊन गेलं. आता डिकी.

मिशिगनमध्ये रिअर-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणारी गाडी बर्फात चालवायची म्हटलं की सल्ला ठरलेला: "डिकीत वाळूच्या पिशव्या टाक." शेजारच्या आजोबांनी दिला, टायरवाल्याने दिला, आणि ज्याने जन्मात फ्रंट-व्हीलशिवाय काही चालवलं नाही त्या ऑफिसातल्या मित्रानेही दिला. (मराठी मंडळींचा सल्ला वेगळा: "कशाला डोक्याला ताप करून घेतोस, सरळ सीआर-व्ही घे.") सल्ला खोटा नाही. आपल्याकडे रिकामी पिकअप चिखलात रुतली की ड्रायव्हर ओरडतोच ना, "दोघंजण मागे चढा रे!" पण वजन किती टाकायचं आणि नेमकं कुठे, हे विचारलं की सगळे "मागे" एवढंच म्हणतात. क्राउन व्हिकच्या डिकीत "मागे" म्हणजे निदान दोन वेगळ्या जागा आहेत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी २००८ची फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, पोलिसखात्यातून निवृत्त झालेली पी-७१, म्हणजे तिचं पोलिसांसाठीचं मॉडेल. ४.६ लिटर व्ही-८, मागे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध, म्हणजे सॉलिड अ‍ॅक्सल, ट्रॅक-लॉक म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागचं एक चाक घसरलं तरी दुसऱ्यालाही ताकद देणारं), ट्रॅक्शन कंट्रोल नाही. टायर २३५/५५ आर १७, बाजूला तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असलेले, म्हणजे बर्फासाठीचे. ही गाडी सरहद्दीपलीकडे ऑन्टॅरिओत सेंट थॉमसला बनायची. २०११ मध्ये ते उत्पादन बंद झालं, त्यामुळे भंगारवाल्यांकडे सुटे भाग आहेत तोवर मजा आहे.

डिकी उघडली की समोर खोल खड्डा दिसतो. दोन मोठ्या बॅगा उभ्या राहतील एवढा. त्याच्या पलीकडे, मागच्या सीटच्या पाठीला लागून, वर एक रुंद फळीसारखा भाग आहे. तिथे पूर्ण आकाराची स्टेपनी झोपलेली असते. हा वरचा भाग जवळपास अ‍ॅक्सलच्या डोक्यावर येतो. खड्डा अ‍ॅक्सलच्या मागे, मध्यापर्यंत मोजलं तर साधारण तीन फूट. पिशव्या टाकायला हात आपोआप खड्ड्याकडेच जातो, कारण तो जवळ आहे आणि पिशव्या जड आहेत.

वाद घालण्यापेक्षा काट्यावर जावं म्हटलं. हायवेवरच्या ट्रक स्टॉपला ट्रकांसाठी कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. त्याच्या प्लेट वेगवेगळ्या वजन करतात. पुढची चाकं एका प्लेटवर आणि मागची दुसऱ्या प्लेटवर घेतली की दोन्ही अ‍ॅक्सलचं वजन वेगळं छापून मिळतं. आकडे वीस-वीस पाउंडांच्या पटीत येतात, पण आपल्या कामाला पुरतात. आतली बाई माइकवरून "ट्रक नंबर?" विचारते, तेव्हा "सेडान" म्हणायला थोडी लाज वाटते. ती हसते आणि काम होतं.

मी बसलेला, टाकी भरलेली, डिकीत फक्त स्टेपनी: पुढे २,४०० पाउंड, मागे १,९२०. म्हणजे मागच्या चाकांवर ४४ टक्क्यांच्या आसपास.

मग वाळू. इथे हार्डवेअरच्या दुकानांत हिवाळ्यात लांबट नळीसारख्या पिशव्या मिळतात, एकेक ६० पाउंडांची. अशा चार, म्हणजे २४० पाउंड, साधारण १०९ किलो. खड्ड्यात ठेवल्या तर पुढे २,३२०, मागे २,२४०. वरच्या भागावर, प्लायवूडच्या ट्रेसकट ठेवल्या तर पुढे २,४००, मागे २,१८०.

इथेच खरी गंमत आहे. खड्ड्यातल्या २४० पाउंडांनी मागे ३२० वाढवले. जास्तीचे ८० आले कुठून? पुढच्या चाकांवरून. अ‍ॅक्सल हा टेकू, खड्डा ही पलीकडची बाजू, दुसऱ्या टोकाला इंजिन. मागे दाबलं की पुढचं उचललं जातं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ११४.७ इंच धरून हिशेब केला तरी हाच आकडा येतो, त्यामुळे काट्यावर शंका घ्यायला जागा नाही.

आता नुसत्या टक्क्यांवर भाळलं तर खड्डाच जिंकतो: मागे ४९ टक्के, वर ठेवलं तर साडेसत्तेचाळीस. काही जण याच कारणाने पिशव्या थेट बंपरला टेकवून ठेवतात. मला ते पटत नाही. सुटायला पकड मिळते ती मागच्या चाकांना, पण वळायचं पुढच्या चाकांनी आहे, आणि थांबतानाही मोठा भार त्यांच्यावरच. निसरड्या चौकात वळताना तिथलेच ८० पाउंड काढून घेणं हा तोट्याचा व्यवहार. शिवाय टोकाला टांगलेलं वजन गाडीची शेपूट एकदा बाहेर पडली की तिला आणखी खेचतं. मोकळ्या पार्किंगमध्ये दोन्ही प्रकार करून पाहिले. खड्ड्यात वजन असताना गाडीची शेपूट घसरायला उशिरा लागते हे खरं, पण घसरली की स्टिअरिंग उलटं फिरवून सावरायला बराच वेळ घेते. वर ठेवल्यावर ती बिनवजनाच्या गाडीसारखीच वागते, फक्त जरा शांत.

म्हणून वरचा भाग पक्का. त्यासाठी स्टेपनी खाली खड्ड्यात गेली, आणि तिला आवळणारा जो बोल्ट वर मोकळा झाला त्यावरच ट्रे बसवला. पाऊण इंची प्लायवूड, चारही बाजूंना टू-बाय-फोरची चौकट, मधे बोल्टपुरतं भोक, वरून मोठा वॉशर आणि नट. चार पिशव्या आडव्या, त्यांच्यावरून दोन रॅचेट पट्टे. पट्टा आवळताना पिशवीची वाळू बाजूला सरकते आणि पाच मिनिटांनी पट्टा पुन्हा ढिला लागतो. म्हणून आधी थोडं चालवून आणायचं आणि मग दुसऱ्यांदा आवळायचं. सुट्या पिशव्या नुसत्या ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की साठ पाउंडांची पिशवी सीटच्या पाठीवर येते.

"वाळूऐवजी जिमच्या लोखंडी प्लेट टाक, जागा कमी लागेल" असं एकाने सुचवलं. या गाडीत तर नकोच. पॅन्थर प्लॅटफॉर्मवर (क्राउन व्हिक ज्या सांगाड्यावर बनते त्याचं हे नाव) पेट्रोलची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे, डिकीच्या पुढच्या भिंतीपलीकडे उभी असते. मागून जोरदार धडक बसून टाकी फुटल्याच्या आणि आग लागल्याच्या घटना पोलिसांच्या गाड्यांबाबत गाजल्या होत्या. २००२ मध्ये फोर्डने टाकीभोवती ढाली बसवायचा संच दिला, आणि डिकीतलं सामान कसं ठेवावं याचाही विचार झाला, कारण टणक, टोकदार वस्तू धडकेत टाकीत घुसू शकते. काँक्रीटचे ठोकळेही याच कारणाने बाद. वाळू निदान दबते.

टाकीचा एक फायदा मात्र फुकटात घ्या. ती १९ गॅलनची आहे, भरलेल्या पेट्रोलचं वजन ११५ पाउंडांच्या आसपास. म्हणजे अर्धी टाकी ही जवळपास एक पिशवी झाली. हिवाळ्यात पेट्रोलचा काटा अर्ध्याखाली जाऊ द्यायचा नाही.

वाळू कोरडी घ्या. ओली असेल तर उणे दहात तिची वीट होते, आणि चाक रुतल्यावर खाली पसरायची म्हटली तर कुदळच लागेल. डिकीतला ओलावा आतून काचांवर धुकं धरतो ते वेगळंच. मिठाच्या पोत्याचा मोह नको. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजारेक फुटांखाली मिठाची खाण आहे, रस्त्यावर मीठ भरपूर पडतं, गाडी खालून गंजतेच आहे, आतूनही कशाला?

आता सगळ्यांचा प्रश्न: फरक किती पडला? दाबलेल्या बर्फावर घर्षणाचा गुणांक ०.२ धरला, तर बिनवाळूची गाडी साधारण ८.९ टक्के चढ कशीबशी चढेल आणि माझ्या ट्रेसकट ९.५ टक्के. एवढंच. टायर बदलल्याने हा गुणांकच वर जातो, तिथे फायदा कितीतरी मोठा. ऑल-सीझन टायरवर २४० पाउंड वाळू म्हणजे फाटक्या चपलेला पॉलिश. आणि ब्रेक लावताना वाळूचा काडीचा उपयोग नाही, जास्तीचं वजनही थांबवायचं असतंच. ज्यांचं बजेट तंग आहे त्यांनी आधी टायर घ्यावेत, वाळू मागाहून येईल.

तरीही ट्रे ठेवणार आहे. सिग्नलला, जिथे आधीच्या गाड्यांनी चाकं फिरवून बर्फ काचेसारखा केलेला असतो, तिथे फरक जाणवतो. गिअर "२" वर ठेवून सुटलं की गाडी दुसऱ्यातच निघते, चाकांवर ताकद कमी येते, आणि आता ट्रॅक-लॉक दोन्ही चाकं एकदम फिरवून शेपूट बाजूला टाकत नाही. पूर्वी तिथे मागच्या माणसाचा हॉर्न ठरलेला असायचा.

बाकीची बारीक कामं: मागचा भाग वजनाने पाऊण इंच बसला, त्यामुळे हेडलाइट वर झाले होते. गॅरेजच्या दारावर टेप लावून ते खाली घेतले. मागच्या टायरांची हवा थंड असताना दाराच्या पट्टीवरच्या आकड्याला आणली. त्याच पट्टीवर एकूण किती वजन चालतं तेही लिहिलंय. वाळू त्यात धरा, नाहीतर सुट्टीत पाच जण आणि सामान बसल्यावर हिशेब चुकतो.

पुढचं काम डिफरन्शियलचं तेल आणि फ्रिक्शन मॉडिफायर (ट्रॅक-लॉकसाठी तेलात घालायचं द्रव्य). हळू वळताना मागून कर्र-कर्र येतंय, ते ट्रॅक-लॉकच्या आतल्या क्लच प्लेटचं आहे का ते झाकण उघडल्यावर कळेल.